गाठीचे कूळ शोधताना

दिल्ली परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना एम्सचा रस्ता कोणी सांगावा लागत नाही. कोल्हापूर असो, लातूर असो की अकोला, पेशंटला दिल्लीला दाखवायचे ठरले की पहिला फोन इथल्या नातेवाइकाला जातो. मुक्कामाची सोय, नंबर लावणे, रिपोर्ट आणणे ही कामे आपल्यापैकी अनेकांनी केली आहेत. मेंदूत गाठ असल्याचे कळले असेल तर घरच्यांच्या ओठावर एकच प्रश्न असतो, "कॅन्सरची आहे की साधी?" डॉक्टर या प्रश्नाचे लगेच उत्तर देत नाहीत. "बायोप्सीचा रिपोर्ट येऊ द्या," असे म्हणून थांबतात. घरच्यांना ही टाळाटाळ वाटते. ती टाळाटाळ नसते.

मेंदूच्या गाठींचे साधी आणि कॅन्सरची असे दोनच प्रकार नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात मेंदू आणि मज्जारज्जू यांच्या गाठींचे शंभराहून अधिक प्रकार नोंदवलेले आहेत. एमआरआयवर दोन गाठी अगदी जुळ्या बहिणींसारख्या दिसू शकतात, सूक्ष्मदर्शकाखालीही त्यांच्यात फरक कळू नये इतके साम्य असू शकते, पण एकीला जे औषध लागू पडते ते दुसरीला पडेलच असे नाही. म्हणून गाठ कोणत्या पेशीपासून निघाली, तिचे कूळ कोणते, हे ओळखणे हा निम्मा उपचारच असतो. ते ओळखण्यासाठी शास्त्रज्ञांनी एक वेगळीच वाट शोधली होती. गाठीतल्या पेशी मारून रंगवण्याऐवजी त्या काचेच्या भांड्यात जिवंत ठेवायच्या आणि त्या कशा वागतात ते पाहायचे. या वाटेची सुरुवात अमेरिकेत झाली. पुढे ती मुंबई, पुणे आणि आपल्या दिल्लीच्या शेजारच्या मानेसरपर्यंत आली. तिच्यावर काही मराठी नावे ठळकपणे भेटतात, आणि आपल्याकडे त्यांची आठवण म्हणावी तेवढी काढली जात नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

रंगवलेल्या काचपट्टीची मर्यादा

शस्त्रक्रियेत काढलेला गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, नंतर मेणात बसवतात, त्याचे कागदाहून पातळ काप काढतात आणि ते गुलाबी-निळ्या रंगांत रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली ही पद्धत आजही प्रत्येक पॅथॉलॉजी विभागाचा कणा आहे.

मेंदूच्या बाबतीत मात्र या पद्धतीची दमछाक होत होती. मेंदूत चेतापेशींखेरीज त्यांना आधार देणाऱ्या, त्यांचे पोषण करणाऱ्या, त्यांच्या तंतूंवर वेष्टण चढवणाऱ्या अनेक पेशी असतात. या सर्वांना मिळून ग्लिया म्हणतात. त्यांपासून होणाऱ्या गाठी म्हणजे ग्लायोमा. स्पेनचे रामोन इ काहाल आणि त्यांचे शिष्य पिओ देल रिओ होर्तेगा यांनी सोन्याचे व चांदीचे क्षार वापरून या पेशींची रूपे वेगवेगळी करून दाखवली. ताऱ्यासारख्या फांद्या असलेल्या त्या अॅस्ट्रोसाइट, मोजक्याच फांद्या असलेल्या त्या ऑलिगोडेंड्रोसाइट. या कामाचा आधार घेऊन अमेरिकेतले मेंदूशल्यविशारद हार्वी कुशिंग आणि त्यांचे सहकारी पर्सिव्हल बेली यांनी १९२६ मध्ये ग्लायोमांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. गर्भावस्थेत मेंदूतली पेशी ज्या पायऱ्यांनी वाढते, त्यांतल्या कोणत्या पायरीशी गाठीतली पेशी मिळतीजुळती आहे, यावरून त्यांनी गाठींना नावे दिली आणि त्या नावांचा रुग्णाच्या पुढच्या आयुष्याशी मेळ घातला. लहान मुलांच्या लहान मेंदूत होणाऱ्या मेड्युलोब्लास्टोमा या गाठीचे नावही या दोघांनीच १९२५ मध्ये दिलेले आहे.

वर्गीकरण मोठे होते, पण एक अडचण राहिलीच. काचपट्टीवरची पेशी मेलेली असते. तो एका क्षणाचा फोटो असतो, आणि फोटो फसवतोही. ऑलिगोडेंड्रोग्लायोमा या गाठीच्या पेशी काचपट्टीवर तळलेल्या अंड्यासारख्या दिसतात, मध्ये गोल केंद्रक आणि भोवती रिकामी पांढरी कडा. पॅथॉलॉजीच्या विद्यार्थ्यांना ही खूण पाठ असते. पण ती पांढरी कडा मुळात गाठीत नसतेच, फॉर्मॅलिनमध्ये तुकडा ठेवल्यावर होणाऱ्या बदलाने ती तयार होते. शस्त्रक्रिया चालू असताना तुकडा गोठवून घाईने तपासला तर ती दिसत नाही.

आपल्या शेतकऱ्याला ही अडचण चांगली कळेल. कोबी आणि फ्लॉवर यांचे बी हातावर घेतले तर कोणते कशाचे हे जाणकारालाही सांगता येत नाही. खात्री करायची तर मूठभर पेरून पाहावे लागते. गाठीच्या बाबतीत शास्त्रज्ञांनी हेच केले.

पेशी जिवंत ठेवण्याची युक्ती

टिश्यू कल्चर हा शब्द आज महाराष्ट्रात खेडोपाडी माहीत आहे, तो जळगावच्या केळीमुळे. मराठीत त्याला ऊतिसंवर्धन म्हणतात. प्राण्यांच्या पेशींबाबत या तंत्राचा आरंभ झाला तो मात्र चेतासंस्थेतला एक वाद मिटवण्यासाठी. चेतातंतू हा एकाच पेशीतून वाढत बाहेर येतो, की अनेक पेशी जोडून तयार होतो, असा तो वाद होता. अमेरिकेतले रॉस हॅरिसन यांनी १९०७ मध्ये बेडकाच्या गर्भातल्या चेतासंस्थेचा कणभर तुकडा घेतला, बेडकाच्याच लसिकेच्या थेंबात तो ठेवला आणि तो थेंब काचेला उलटा लटकवला. तुकड्यातल्या पेशींतून तंतू हळूहळू बाहेर पडताना त्यांनी डोळ्यांनी पाहिले. वाद मिटला, आणि शरीराबाहेर पेशी जगवता येते हेही सिद्ध झाले. पुढे अॅलेक्सिस कॅरेल आणि माँट्रोज बरोज यांनी हे तंत्र सस्तन प्राण्यांच्या आणि गाठींच्या पेशींना लावले.

त्या काळी हे काम म्हणजे सोवळ्यातला स्वयंपाकच. प्रतिजैविके नव्हती. हवेतला एक जिवाणू पडला की आठवड्याची मेहनत वाया. पेशींच्या आहारात कोंबडीच्या रक्तातला प्लाझ्मा, गर्भाचा अर्क, नाळेच्या रक्तातला द्रव असे पदार्थ लागत आणि ते रोज ताजे मिळवावे लागत.

बशीत पेरलेली गाठ

मेंदूच्या गाठींवर हा प्रयोग लवकरच सुरू झाला. अमेरिकेत फ्रेडरिक क्रेडेल यांनी १९२८ मध्ये कवटीच्या आतल्या गाठींच्या संवर्धनावर लेख लिहिला, त्यात मेनिंजिओमावर, म्हणजे मेंदूच्या आवरणातून निघणाऱ्या गाठीवर, खास टिपण होते. पुढच्याच वर्षी बकले यांनी ग्लायोब्लास्टोमा या सर्वांत उग्र गाठीच्या पेशींचा अभ्यास प्रसिद्ध केला. लंडनमध्ये डोरोथी रसेल आणि त्यांचे सहकारी ब्लँड यांनी १९३३ व १९३४ मध्ये ग्लायोमांवर दोन लेख लिहिले. रसेल यांचे नाव वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना आजही माहीत असते, कारण चेतासंस्थेच्या गाठींवरचा त्यांनी ल्युसियन रुबिनस्टाइन यांच्याबरोबर लिहिलेला १९५९ चा ग्रंथ पुढे अनेक पिढ्यांनी प्रमाण मानला. एका स्त्रीने त्या काळात मेंदूच्या गाठींच्या निदानशास्त्रात असा अधिकार मिळवणे ही लहान गोष्ट नव्हती.

या पद्धतीचा निदानासाठी सर्वांत ठोस उपयोग केला तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या मार्गारेट मरे आणि आर्थर पर्डी स्टाउट या जोडीने. स्टाउट हे शल्यक्रियेतल्या तुकड्यांचे निदान करणारे नामवंत पॅथॉलॉजिस्ट, मरे या पेशी वाढवण्यात वाकबगार. त्यांची दोन कामे विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहेत.

पहिले १९४० चे. चेतातंतूंच्या वेष्टणावर होणारी एक गाठ असते. ती कवटीच्या आत श्रवणाच्या चेतेवरही होते आणि माणसाचा एक कान हळूहळू निकामी करते. ही गाठ साध्या तंतुमय ऊतीची, की चेतेच्या वेष्टणातल्या श्वान पेशींची, यावर पॅथॉलॉजिस्टांत दोन तट होते. काचपट्टीवर दोन्ही पेशी लांबट आणि चिंचोळ्या दिसतात, त्यामुळे वाद मिटेना. मरे आणि स्टाउट यांनी निरोगी चेतेचे वेष्टण आणि ही गाठ दोन्ही बशीत वाढवली आणि त्यांची वाढ शेजारी शेजारी ठेवून पाहिली. गाठीच्या पेशींची चाल श्वान पेशींसारखी निघाली, तंतुपेशींसारखी नाही. आज या गाठीला श्वानोमा म्हणतात. त्याच जागी, श्रवणाच्या चेतेजवळ, मेनिंजिओमाही होऊ शकतो. बशीत त्याच्या पेशी मात्र गोल गोल फिरून भोवऱ्यासारखी रचना करतात. म्हणजे एकाच कोपऱ्यात राहणाऱ्या दोन गाठी आपल्या वागण्यावरून वेगळ्या ओळखू येतात.

दुसरे काम १९४७ चे. लहान मुलांमध्ये न्यूरोब्लास्टोमा नावाची गाठ होते. ती सहसा मेंदूत नसते, मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत किंवा मणक्याच्या बाजूने असते, पण तिचे कूळ चेतासंस्थेचेच. काचपट्टीवर तिच्या पेशी लहान, गोल, निळ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. अडचण अशी की मुलांच्या इतरही काही कर्करोगांच्या पेशी अशाच लहान, गोल आणि निळ्या असतात. मरे आणि स्टाउट यांनी दाखवले की ताज्या गाठीचा तुकडा बशीत ठेवला तर एकदोन दिवसांतच न्यूरोब्लास्टोमाच्या पेशींतून बारीक चेतातंतू फुटू लागतात. बाकीच्या गोल पेशी कितीही दिवस ठेवल्या तरी असे तंतू काढत नाहीत. मेलेल्या पेशीने जे सांगितले नव्हते, ते जिवंत पेशीने अठ्ठेचाळीस तासांत सांगितले. हॅरिसन यांनी बेडकाच्या पेशीत जे पाहिले होते, तेच चाळीस वर्षांनी आजारी मुलाच्या निदानाला उपयोगी पडले.

मुंबईतले रोपटे

भारतात हे तंत्र रुजवण्याचे श्रेय मुंबईकडे जाते. तिथे टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झाले. त्याच्या प्रयोगशाळांची सूत्रे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. खानोलकर हे भारतीय पॅथॉलॉजीचे जनक मानले जातात. कर्करोगाचे केवळ निदान आणि उपचार करून भागणार नाही, त्याचे मूलभूत संशोधन इथेच झाले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्यातून १९५२ मध्ये परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. १९५४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले, पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले.

त्यांच्या हाताखाली घडलेल्या शास्त्रज्ञांत डॉ. कमल रणदिवे यांचे स्थान मोठे आहे. माहेरच्या त्या समर्थ. जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७ चा. शाळा हुजूरपागा, महाविद्यालय फर्ग्युसन. वडील दिनकरराव समर्थ हे फर्ग्युसनमध्येच जीवशास्त्र शिकवत. एम.एस्‌सी.साठी त्यांनी सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला. लग्नानंतर त्या मुंबईला आल्या आणि खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. त्यानंतर खानोलकरांच्या प्रोत्साहनाने त्या अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या.

गाय यांचे नाव ज्यांना माहीत नाही, त्यांनाही त्यांच्या पेशींचे नाव ऐकून माहीत असेल. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी त्यांच्या प्रयोगशाळेत वाढवल्या गेल्या आणि त्या वाढतच राहिल्या. हेला या नावाने त्या जगभर पोहोचल्या, पोलिओच्या लशीच्या चाचण्यांतही वापरल्या गेल्या. पेशी घेताना त्या महिलेची परवानगी घेतलेली नव्हती, ही या कथेची काळी बाजू आहे आणि तीही सांगितली पाहिजे. परीक्षानळ्या हळूहळू फिरत्या ठेवून पेशींना आळीपाळीने हवा आणि पोषक द्रव देणारे फिरते पिंप ही गाय यांचीच देणगी. अशा ठिकाणी रणदिवे यांनी हे तंत्र आत्मसात केले.

परदेशात शिकलेले तंत्र घेऊन परदेशातच राहणाऱ्यांची उदाहरणे आपल्याला नवी नाहीत. रणदिवे परत आल्या. १९६० च्या दशकात त्यांनी मुंबईच्या केंद्रात देशातली पहिली ऊतिसंवर्धन संशोधन प्रयोगशाळा उभारली. १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या कार्यकारी संचालक होत्या. त्यांचा स्वतःचा विषय मेंदू नव्हता. स्तनाचा कर्करोग, रक्ताचा कर्करोग आणि कुष्ठरोगाचा जंतू यांवर त्यांचे काम आहे. पण आपल्या देशातल्या रुग्णाची पेशी आपल्याच देशात जगवायची, तिच्यासाठी लागणारी माणसे इथेच तयार करायची, ही सवय त्यांनी लावली. १९७३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना स्थापन केली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २००१ मध्ये त्या गेल्या. परळचे हे केंद्र २००२ मध्ये नवी मुंबईत खारघरला गेले. आज ते अॅक्ट्रेक या नावाने ओळखले जाते.

बशीचेही दोष

एवढी गुणी पद्धत असेल तर आज आपल्या पेशंटच्या गाठीचे निदान बशीत का करत नाहीत, असा प्रश्न वाचकांना पडेल. याची कारणे आहेत, आणि ती समजून घेण्यासारखी आहेत.

पहिले कारण वेळेचे. न्यूरोब्लास्टोमासारखी गाठ दोन दिवसांत बोलते, पण बहुतेक गाठींना आठवडे लागतात. काही गाठी वाढतच नाहीत. दुसरे कारण म्हणजे तण. गाठीच्या तुकड्यात रक्तवाहिन्यांच्या आणि तंतुमय ऊतीच्या निरोगी पेशीही असतात. बशीत कधी कधी त्याच भराभर वाढतात आणि गाठीच्या पेशी मागे पडतात. शेतात पेरले गहू आणि उगवले गवत, अशी गत होते. तिसरे कारण सर्वांत गंभीर. बशीत राहून पेशी बदलते. ग्लायोमाच्या अनेक पेशी काही काळ वाढवल्यावर आपली ओळखीची प्रथिनेच तयार करायचे सोडून देतात.

चौथे कारण भेसळीचे. एका पेशीचा थेंब चुकून दुसऱ्या बाटलीत गेला की जी जोमदार असेल ती सगळी बाटली व्यापते. १९६६ मध्ये अमेरिकेत स्टॅनली गार्टलर यांनी दाखवले की वेगवेगळ्या नावांनी वापरले जाणारे अनेक पेशीवंश प्रत्यक्षात हेलाच होते. मेंदूच्या बाबतीतही असेच घडले. स्वीडनमधल्या उप्साला इथे १९६० च्या दशकात यान पाँटेन यांनी ग्लायोमाचे पेशीवंश तयार केले. त्यांतला यू-८७ हा पेशीवंश जगभरातल्या शेकडो प्रयोगशाळांनी वापरला. २०१६ मध्ये उप्सालाच्याच शास्त्रज्ञांनी जपून ठेवलेला मूळ नमुना तपासला, तेव्हा पेशीपेढीतून जगभर गेलेला यू-८७ त्या मूळ रुग्णाचा नाहीच असे निघाले. तो कोणाचा तरी ग्लायोमाच आहे, पण त्याचा मालक अज्ञात आहे. गाठीचे कूळ शोधायला निघालेल्या शास्त्राला आपल्याच बाटलीतल्या पेशीचे कूळ माहीत नव्हते!

या दोषांमुळे रोजच्या निदानाचे काम हळूहळू दुसऱ्या तंत्रांकडे गेले. १९७१ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स एंग आणि सहकाऱ्यांनी अॅस्ट्रोसाइट पेशींतले जीएफएपी हे प्रथिन वर्णन केले. त्याला चिकटणारी प्रतिपिंडे काचपट्टीवर टाकली की ग्लियाच्या कुळातली पेशी तपकिरी रंगाने उठून दिसते. मग अशी अनेक प्रतिपिंडे आली. पण ही प्रतिपिंडे येतात कुठून? १९७५ मध्ये केलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारचे प्रतिपिंड अखंड तयार करणाऱ्या संकरित पेशी वाढवल्या, त्याबद्दल १९८४ चे नोबेल त्यांच्याकडे गेले. ही प्रतिपिंडे बनतात ती पेशीसंवर्धनातच. म्हणजे बशी रंगमंचावरून गेली आणि पडद्यामागे कामाला लागली.

न वाढणाऱ्या पेशींनी सांगितलेली गोष्ट

ऑलिगोडेंड्रोग्लायोमा आणि अॅस्ट्रोसायटोमा या दोन ग्लायोमांतला घोळ दीर्घकाळ चालला. एकाच काचपट्टीवर दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टांचे मत वेगळे पडावे, असे नेहमी घडे. शेवटी 'मिश्र गाठ' असे लिहून मोकळे होण्याची पद्धत पडली होती. १९९० च्या दशकात कळले की खऱ्या ऑलिगोडेंड्रोग्लायोमात १ क्रमांकाच्या गुणसूत्राची आखूड बाजू आणि १९ क्रमांकाच्या गुणसूत्राची लांब बाजू दोन्ही नाहीशा झालेल्या असतात. हा फरक केवळ पुस्तकी नाही. अमेरिका व कॅनडात १९९४ मध्ये सुरू झालेल्या एका मोठ्या चाचणीचे दीर्घकालीन निष्कर्ष २०१३ मध्ये आले. उग्र प्रकारच्या ज्या गाठींत हे दोन्ही तुकडे गेलेले होते, त्या रुग्णांना फक्त रेडिएशन दिल्यावर निम्मे रुग्ण ७.३ वर्षांपलीकडे जगले. रेडिएशनबरोबर केमोथेरपीही दिल्यावर हा आकडा १४.७ वर्षांवर गेला. ज्यांच्या गाठीत हा बदल नव्हता, त्यांच्यात दोन गटांत फारसा फरक दिसला नाही. सारख्या दिसणाऱ्या दोन गाठी वेगळ्या ओळखण्याची किंमत म्हणजे एखाद्या घरातली ही सात वर्षे. मुलाची शाळा संपून नोकरी लागेपर्यंतचा हा काळ आहे.

२००८ मध्ये आणखी एक खूण सापडली. अनेक ग्लायोमांत आयडीएच या जनुकात एक विशिष्ट बदल असतो. असा बदल असलेली गाठ तुलनेने संथ असते. बदल नसलेली, दिसायला तशीच असणारी गाठ, पुष्कळदा ग्लायोब्लास्टोमासारखी वागते. मग एक विलक्षण गोष्ट लक्षात आली. प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे वाढवलेल्या ग्लायोमाच्या नावाजलेल्या पेशीवंशांत हा बदल जवळजवळ सापडतच नव्हता. २०११ मध्ये पोलंडमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवले की आयडीएच बदललेल्या पेशी नेहमीच्या संवर्धनात टिकतच नाहीत. म्हणजे बशीत ज्या गाठी 'आल्या नाहीत' म्हणून फेकल्या जात होत्या, त्यांतल्या बऱ्याच वेगळ्या कुळाच्या असल्या पाहिजेत. त्या न वाढून आपली ओळख सांगत होत्या. आता या बदललेल्या प्रथिनावरच नेम धरणारे व्होरासिडेनिब हे औषध अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर झाले आहे.

पुणे, दिल्ली, मानेसर, खारघर

आपल्याकडचे काम याच धाग्याने पुढे गेले. पुण्यात १९८६ मध्ये प्राण्यांच्या ऊती व पेशींच्या संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा सुरू झाली. तिचे संस्थापक संचालक डॉ. उल्हास वाघ. हीच संस्था आज गणेशखिंडीच्या विद्यापीठ परिसरात राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्था म्हणून काम करते. देशभरातल्या प्रयोगशाळांना खात्रीच्या पेशी पुरवणारी पेशीपेढी तिथे आहे. यू-८७ ची कथा वाचल्यावर अशा पेढीचे मोल वेगळे सांगायला नको. याच संस्थेत डॉ. अंजली शिरस आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मानवी ग्लायोमाचे दोन पेशीवंश प्रसिद्ध केले. एक संथ वाढणारा, दुसरा उंदरात गाठ निर्माण करणारा. मवाळ पेशी उग्र कशी होते, हे शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची सोय त्यामुळे झाली.

दिल्लीत एम्समध्ये १९६५ मध्ये डॉ. प्रकाश नारायण टंडन यांनी डॉ. ए. के. बॅनर्जी यांच्यासह मेंदूशल्यचिकित्सेचा विभाग सुरू केला. तिथल्या मेंदू-विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत डॉ. चित्रा सरकार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय रुग्णांच्या ग्लायोमांतले हे जनुकीय बदल तपासले, आयडीएचवरचा त्यांचा अभ्यास २०११ मध्ये आला. टंडन यांच्याच पुढाकाराने मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र उभे राहिले. जयपूर महामार्गाने जाताना अरवलीच्या टेकड्यांजवळ लागणाऱ्या या केंद्रातही ग्लायोब्लास्टोमाच्या पेशींवर काम होते.

खारघरच्या अॅक्ट्रेकमध्ये डॉ. नीलम शिरसाट आणि सहकाऱ्यांनी मेड्युलोब्लास्टोमा हा विषय घेतला. कुशिंग-बेलींनी एक नाव दिलेली ही गाठ प्रत्यक्षात चार वेगळ्या गटांची आहे, हे २०१२ पर्यंत जगाने मान्य केले होते. त्यांतल्या एका गटातली मुले उपचारांनी फार चांगली बरी होतात, दुसऱ्या एकात धोका मोठा असतो. शिरसाट यांच्या गटाने चांगल्या गटात वाढलेले काही सूक्ष्म आरएनए शोधले. ते संवर्धनातल्या गाठीच्या पेशींत घातले, तेव्हा त्या पेशींची वाढ मंदावली. म्हणजे खूण नुसती शोभेची नव्हती, ती पेशीच्या वागण्याशी जोडलेली होती. पुढे २०१३ मध्ये त्यांनी गट ओळखण्याची एक चाचणी प्रसिद्ध केली. तिचे वैशिष्ट्य असे की ती मेणाच्या ठोकळ्यात ठेवलेल्या जुन्या तुकड्यावरही चालते. ताजा तुकडा गोठवून ठेवण्याची सोय आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी सहसा नसते. मेणाचा ठोकळा मात्र जवळपास सगळीकडे असतो. परदेशातली चाचणी जशीच्या तशी न उचलता आपल्या रुग्णालयांकडे काय असते ते पाहून तयार केलेली ही चाचणी आहे.

इथेच एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. मेंदूच्या गाठीची शस्त्रक्रिया गावाकडे झालेली असेल आणि पुढच्या सल्ल्यासाठी पेशंट दिल्लीला येणार असेल, तर एमआरआयच्या फिल्मबरोबर तो मेणाचा ठोकळा आणि रंगवलेल्या काचपट्ट्याही मागून घ्याव्यात. हॉस्पिटलकडे रीतसर अर्ज केला की सहसा त्या मिळतात. रिपोर्टमध्ये नुसती ग्रेड लिहिली असेल, तर गाठीचा नेमका प्रकार कोणता आणि जनुकीय तपासणी झाली आहे का, हे डॉक्टरांना नम्रपणे पण जरूर विचारावे. हे विचारल्याने कोणताही चांगला डॉक्टर रागावत नाही. रिपोर्टला आणखी आठवडा लागणार असे ते म्हणाले, तर तो आठवडा वाया जाणारा नसतो, पुढचा सगळा उपचार त्यावर ठरतो.

बेडकाच्या पेशीपासून सुरू झालेल्या या वाटचालीला शंभरावर वर्षे झाली. रसेल, मरे, रणदिवे यांच्यापासून आजच्या पुण्या-खारघरच्या शास्त्रज्ञांपर्यंत तिच्यात स्त्रियांचा वाटा किती मोठा आहे, हेही नोंदवण्याजोगे आहे. मंडळातल्या दहावी-बारावीच्या मुलींनी आणि त्यांच्या पालकांनी पुढचा मार्ग ठरवताना हुजूरपागेत शिकलेल्या त्या मुलीचे नाव ध्यानात ठेवावे. मेंदूच्या गाठींतले अजून न सुटलेले प्रश्न पुष्कळ आहेत, आणि त्यांसाठी माणसे हवी आहेत.